मत उघड झालं तर: सीमाभागातल्या एका केंद्राध्यक्षाचं उत्तर

प्रश्न बेळगावातल्याच एका तरुणाचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समजा कायदा बदलला आणि कुणी कुणाला मत घातलं याची यादी निकालाबरोबर शाळेच्या भिंतीवर लागली, तर लोकांना कसं वाटेल? ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याला लपवायचं तरी काय? उलट पैसे वाटणाऱ्यांना चाप बसेल, आणि दिवसा एका झेंड्याखाली फिरून आत दुसरंच बटण दाबणारेही उघडे पडतील.

मी मराठी शाळेत शिक्षक होतो. निवडणुकीची ड्युटी आम्हा शिक्षकांच्या वाट्याला यायचीच. आधी बोटाला शाई लावणारा, मग केंद्राध्यक्ष, ज्याला आमच्याकडे सगळे पीआरओ म्हणतात, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मस्टरिंगच्या, म्हणजे मतदानाचं साहित्य वाटण्याच्या, आधी नव्या लोकांना शिकवणारा. खानापूरच्या जंगलातल्या वाड्या, निपाणीकडचा तंबाखूचा पट्टा, शहरातलं शहापूर-वडगाव, सगळीकडची केंद्रं सांभाळली. त्या अनुभवावरून सांगतो. यादी लागली तर लोकांना आधी भीती वाटेल, आणि ती भीती सरकारची नसेल.

सरकार लांब असतं. जवळ असतो तो सोसायटीचा सेक्रेटरी, पंचायतीचा मेंबर, घरमालक, मुकादम. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. ऊस तोडायला टोळी कधी यायची हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात शेतकऱ्याचं अख्खं वर्ष. तोड लांबली की उसाचं वजन घटतं, रान मोकळं होत नाही, पुढचं पीक रखडतं. आणि कारखाने चालवणारी घराणी कोणती, निवडणुका लढवणारी कोणती, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. अशा शेतकऱ्याचं नाव यादीत विरुद्ध चिन्हासमोर दिसलं, तर त्याला कुणी मारणार नाही, शिवीही देणार नाही. फक्त टोळी येणार नाही. विचारायला गेला तर ‘येईल की, तुझी पाळी लागली की’ एवढंच उत्तर मिळेल. याची तक्रार कुठल्या ठाण्यात करायची?

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला कामगार, वडगावात दुसऱ्याच्या मागावर साडी विणणारा विणकर, घरकुलाच्या यादीत नाव लागायची वाट बघणारी विधवा, या प्रत्येकाची गोष्ट तीच आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचा तरी हात आहे, आणि तो हात काढून घ्यायला कारण सांगावं लागत नाही.

यापेक्षा खोल जखम घरात होईल. मतदान केंद्रावर बसणाऱ्याला हे जेवढं दिसतं तेवढं बाहेरच्याला दिसत नाही. नवरा-बायको रांगेतून एकत्र येतात. तिची सही झाली, शाई लागली, की काही नवरे सरळ तिच्याबरोबर मशीनकडे चालू लागतात. ‘तिला कळत नाही सर, मी दाखवतो फक्त.’ मी उठून मध्ये उभा राहायचो आणि सांगायचो, दाखवायचं ते घरी दाखवा, इथं त्या एकट्याच जाणार. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायची, बीप वाजायचा, ती बाहेर यायची. दारातच नवरा विचारायचा, ‘बरोबर घातलंस न्हवं?’ ती ‘होय’ म्हणायची. खरं काय घडलं ते मला माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. पण आडोशामागचे ते काही क्षण कितीतरी बायकांच्या वाट्याला त्या दिवशी पहिल्यांदाच येत असतील, ज्यात सासू नाही, दीर नाही, गल्लीतले पंच नाहीत. यादी लागली की ते क्षण गेले. मला वाटतं, अशी यादी लागू लागली तर सगळ्यात आधी बायकाच मतदानाला यायचं बंद करतील, आणि आल्या तर घरच्यांनी सांगितलेलं बटण दाबून जातील.

आता सीमाभागाचं वेगळेपण. इथं माणसाचं आडनाव ऐकलं, बोलण्याचा सूर ऐकला, की समोरचा त्याचं मत मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो. मराठी आहे म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या समितीचा. कानडी आहे म्हणजे विरुद्ध. प्रत्यक्षात काय होतं ते निकालच सांगतात. २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले, बेळगाव दक्षिणमधून आणि खानापुरातून. २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. पण मधेच २०२१ च्या एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मतं पडली. घरं तीच, गल्ल्या त्याच, माणसंही बहुतेक तीच. म्हणजे तोच माणूस एका निवडणुकीत भाषेकडे बघून मत घालतो, दुसऱ्या वेळी रस्त्याकडे, तिसऱ्या वेळी दिल्लीत कोण बसावं याकडे. समितीत गट पडले की कधी रागानेही घालतो.

प्रश्नकर्ता याला दुटप्पीपणा म्हणतो. मी म्हणणार नाही. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं, त्याच्या निषेधाच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून चालणारा माणूस मनापासून चालतो. तेव्हापासून त्याच्या आजोबांनी, बापाने जे सोसलं ते त्याच्या पायात असतं. मे महिन्यात तोच माणूस दुसऱ्या चिन्हाचं बटण दाबतो, कारण नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय आणि पोराच्या नोकरीसाठी कुणाची तरी चिठ्ठी लागणार आहे. दोन्ही त्याच्याच गरजा आहेत. यादी लागली की फेरीतले त्याला गद्दार म्हणतील, आणि ज्याला मत दिलं ते म्हणतील, मग काळी फीत कशाला बांधतोस? उलटही आहे. वॉर्डाच्या निवडणुकीत शेजारधर्म म्हणून, अडीअडचणीला धावून येतो म्हणून मराठी उमेदवाराला मत घालणारी कानडी माणसं मला भेटलेली आहेत. त्यांनी हे माझ्या कानात सांगितलं, चौकात नाही. यादी लागली तर त्यांना त्यांच्याच माणसांत उत्तर देणं मुश्कील होईल. मग पुढच्या खेपेला कानडी माणूस कानडीलाच आणि मराठी माणूस मराठीलाच, एवढीच मतं उरतील. आज दोन भाषांची माणसं एका गल्लीत गणपती बसवतात, एका नळावर पाणी भरतात, ते बऱ्याच अंशी एकमेकांचं मत माहीत नसल्यामुळे सोपं जातं.

याचा अर्थ इथली माणसं भित्री आहेत असा कुणी काढू नये. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. बहुतेक सगळे मराठी भाषक, सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून अर्ज भरलेले. स्वतःचं नाव, गाव, सही, सगळं उघड. तेव्हा अनामत पाचशे रुपये होती. त्याच वर्षी कायदा बदलून ती दहा हजार केली गेली. लोकांना उघडपणे उभं राहायचं असतं तेव्हा ते उभे राहतात, लाठ्याही खातात. फरक एवढाच की अर्ज भरायचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. कायद्यानेही हा फरक जपलाय. केंद्राबाहेर तुम्ही कुणाला मत दिलं ते ओरडून सांगा, कुणी अडवणार नाही. पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम म्हणतं, कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती मतदारावर कोर्टातसुद्धा करता येणार नाही. सांगणं तुमच्या हातात. वदवून घेणं कुणाच्याच हातात नाही.

आणि केंद्राच्या आत तर उघड करण्याची मुभा तुम्हालाही नाही. निवडणूक नियमांतला ४९एम हा नियम सांगतो की समजावूनही मतदार गुप्तता पाळत नसेल तर केंद्राध्यक्षाने त्याला मत देऊ द्यायचं नाही. प्रशिक्षणात नवे शिक्षक हमखास विचारायचे, त्याचं मत आहे, तो दाखवतोय, आपलं काय जातं? जातं ते रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्याचं. एकाने दाखवलं की केंद्रात बसलेला उमेदवाराचा एजंट दुसऱ्याकडे बघतो: तू का नाही दाखवलंस? दहा जणांनी दाखवलं की अकराव्याचं न दाखवणंच पुरावा ठरतं.

पैशाच्या मुद्द्यावर मी जरा थांबतो, कारण प्रश्नकर्त्याचा सगळा भर तिथंच आहे आणि तिथंच तो उलट्या दिशेला गेलाय. आज पाकीट देणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण ही की त्याला पावती मिळत नाही. पैसे दिले, माणूस आत गेला, शाई लावून बाहेर आला. बोटावरची शाई मत दिलं एवढंच सांगते. मत कागदावर छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे सात सेकंद जी चिठ्ठी दिसते तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, मतदाराचं काहीही नसतं, आणि ती पेटीत पडते, हातात येत नाही. म्हणून तर मोबाईल आत न्यायला बंदी. फोटो काढता आला तर तो फोटो हीच पावती. यादी भिंतीवर लावणं म्हणजे वाटप करणाऱ्याला सरकारी खर्चाने अशी पावती देणं. मग तो आगाऊ पैसेही वाटणार नाही. म्हणेल, यादी लागू दे, नाव बघतो, मग ये.

पावती मिळत नाही म्हणूनच आपल्याकडे भंडारा उचलायला लावतात. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: मतदानाच्या आधी चार-सहा दिवस रात्री गल्लीतल्या, भावकीतल्या माणसांना देवळात बोलावतात, देवीचा भंडारा, म्हणजे हळद, हातात देतात आणि ‘अमक्यालाच घालतो’ असं वदवून घेतात. जिथं सौंदत्तीच्या यल्लम्माला दरसाल बैलगाड्या जायच्या, तिथं भंडाऱ्याला हात लावून खोटं बोलायला कुणाची जीभ रेटेल? कायद्याने ही गोष्ट ओळखलेली आहे. त्याच १९५१ च्या कायद्याच्या १२३ व्या कलमात, मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हा भ्रष्ट मार्ग मानलाय, आणि तो सिद्ध झाला तर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. पण देवळातल्या रात्रीच्या बैठकीचा साक्षीदार कोण होणार?

माझ्याकडे बायका यायच्या, विद्यार्थ्यांच्या आया. ‘सर, मालकांनी भंडारा उचललाय सगळ्यांच्या वतीने. आता मी दुसरीकडे घातलं तर पाप मला लागतं का?’ मी देव मानणारा माणूस आहे, त्यामुळे हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेला नाही. माझं उत्तर असायचं: ज्याने भंडारा उचलला त्याची शपथ त्याच्यापुरती. तुमच्या वतीने दुसऱ्याला उचलता येत नाही, जसं तुमच्या वतीने दुसऱ्याला मत देता येत नाही. आणि देवीला धाक घालायला वापरणाऱ्यांचं पाप तुमच्या पदरात कसं पडेल? काहींचा चेहरा मोकळा व्हायचा. काहींचा व्हायचा नाही, आणि त्यांनाही मी समजू शकतो.

उघड मतदान कसं असतं याची कल्पना करायची गरज नाही, ते झालेलं आहे. इंग्लंडात १८७२ पर्यंत मतदार सगळ्यांसमोर मत सांगायचा, आणि कुणी कुणाला मत दिलं याची छापील पुस्तकं निघायची. १८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये जमीनदारांनी आपल्या मर्जीविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना जमिनीवरून हुसकावलं. त्याचा गवगवा झाला आणि चार वर्षांनी गुप्त मतदानाचा कायदा आला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या प्रांतांत तो १८५६ लाच आला होता. आपल्याकडे तर १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून गुप्तता आहे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असायची, आणि त्या पेट्याही आडोशामागे ठेवलेल्या असायच्या. कुळकायदे नीट लागू व्हायच्याही आधी कुळाला मालकाविरुद्ध मत देता आलं, ही साधी गोष्ट नव्हे.

एका बाबतीत प्रश्नकर्त्याशी मी सहमत आहे. जो लोकांच्या वतीने मत देतो त्याचं मत उघडच हवं. महापौर निवडताना नगरसेवक हात वर करतात ते योग्यच. राज्यसभेसाठी आमदारांचं मतदान २००३ पासून पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून होतं, आणि २००६ साली सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. २०२२ मध्ये कर्नाटकात एका जेडीएस आमदाराने काँग्रेसला मत दिलं आणि बाहेर येऊन ते सरळ सांगितलं. आमदार जाब द्यायला बांधील आहे, कारण ते मत आपलं आहे, त्याने फक्त वापरलं. मतदार कुणाच्या वतीने मत देत नाही, मग त्याने जाब कुणाला द्यायचा? कुणीच पसंत नसणं हीदेखील गुप्त ठेवण्याची गोष्ट आहे. पूर्वी मत द्यायचं नाही असं ठरवणाऱ्याला नोंदवहीत तसं लिहून सही करावी लागायची, म्हणजे एजंटांसमोर उघड. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने मशीनवर नोटाचं, म्हणजे ‘यांपैकी कुणी नाही’चं, बटण ठेवायला लावलं, ते गुप्ततेच्याच कारणाने.

खरी काळजी वेगळीच आहे: आजची गुप्तता वाटते तेवढी पक्की नाही. माणसागणिक यादी लागत नाही, पण केंद्रागणिक लागते. मतपत्रिका होत्या तेव्हा आयोगाला वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायला लावता येत होतं. मशीन आलं आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा बाहेर पडू लागला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांच्या हातात तो कागद असतो. मोठ्या शहरी केंद्रात त्याने फारसं बिघडत नाही. पण भीमगडच्या जंगलाकडेच्या वाडीत, जिथं एका केंद्रावर थोडीच घरं मत देतात, तिथं ‘या वाडीने आपल्याला घातलं नाही’ हे सरळ कळतं, आणि मग वाडीचा रस्ता पाच वर्षं अडतो. पाच-सात मतं विरोधात पडली असतील तर ती कोणती घरं यावर पारावर बोटं मोजली जातात. ग्रामपंचायतीत तर आणखी वाईट. कर्नाटकात साधारण चारशे लोकसंख्येमागे एक सदस्य. त्यातली लहान मुलं वजा केली की मतदार किती उरले? हरलेला उमेदवार रात्री वही घेऊन बसतो आणि घरागणिक हिशेब लावतो. त्याचा हिशेब बऱ्याचदा चुकतो, आणि ज्याने खरोखर त्यालाच मत दिलं त्या घराशी बोलणं बंद होतं. अशी अबोल्याची घरं प्रत्येक गावात सापडतील. नुसत्या संशयाने हे होतं, तर पक्क्या यादीने काय होईल याचा विचार करा.

यावर उपाय सुचवून झालाय. निवडणूक आयोगाने २००८ साली टोटलायझर नावाच्या यंत्राचा प्रस्ताव दिला. चौदा मशीनची मतं एकत्र मोजून एकच आकडा देणारं ते यंत्र, म्हणजे कोणत्या केंद्रात काय पडलं ते कळणार नाही. कायदा आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही. एक कारण असं दिलं गेलं की केंद्रागणिक आकडे मिळाले तर पक्षांना कुठे काम कमी पडतं ते समजतं. माझ्या मते जंगलातल्या वाडीच्या रस्त्यापुढे हे कारण फार हलकं आहे. तरुणांना निवडणूक सुधारणेसाठी काही मागायचंच असेल तर भिंतीवरच्या यादीऐवजी हे मागावं. पक्ष कुठलाही असो, आपल्या आमदार-खासदाराला पत्र लिहून विचारा, टोटलायझरला तुमचा पाठिंबा आहे का? आणि त्यांचं उत्तर मात्र खुशाल चौकात लावा.

शेवटी रोजच्या उपयोगाचं. मतदानाच्या दिवशी एजंटाने, नातेवाइकाने, मालकाने विचारलं तर ‘मत गुप्त असतं’ एवढं म्हणून पुढे चला. सांगायचं दडपण फारच आलं तर त्यांना हवं ते नाव सांगून मोकळे व्हा. ते खोटं तपासायचा कुणाकडे मार्ग नाही, आणि स्वतःला वाचवण्यासाठी बोललेल्या अशा खोट्याचा मी दोष मानत नाही. वर्गाच्या उघड्या खिडकीतून मशीन दिसत असेल, किंवा आडोसा तोकडा असेल, तर मत देण्याआधीच केंद्राध्यक्षाला सांगा, त्याला तो हलवावाच लागतो. घरात डोळ्यांनी अधू किंवा हात न चालणारं म्हातारं माणूस असेल तर गल्लीतल्या कार्यकर्त्याला सोबत धाडू नका. सोबती म्हणून अठरा वर्षांवरचा घरचा माणूस चालतो, त्याला एका दिवसात एकाच मतदाराबरोबर जाता येतं, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. आजीला घेऊन जाणार असाल तर तिने सांगितलेलंच बटण दाबा, आणि घरी आल्यावर तिच्या मुलाने विचारलं तरी सांगू नका.